बाळाला लळा लागतो कसा? पहिल्या वर्षासाठी नव्या आईबाबांना

“सारखं उचलू नका गं, मांडीची सवय लागेल.” बाळंतिणीला भेटायला येणारी जवळजवळ प्रत्येक बाई निघताना हे सांगून जाते. सोलापुरात पाळणाघर चालवताना नव्या आया मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात: उचलू की नको? उत्तर आधीच सांगून टाकते. उचला. पहिल्या सहा महिन्यांत बाळ लाडानं बिघडत नाही. ते रडतं, कोणीतरी येतं, त्याला बरं वाटतं. असं पुन्हा पुन्हा घडत गेलं की त्या येणाऱ्या माणसाचा त्याला लळा लागतो. रोजच्या धबडग्यात हे जमवायचं कसं, ते पुढे टप्प्याटप्प्यानं लिहिते आहे.

आधी थोडं समजून घ्या

एखादं माणूस बाळाला आवडणं वेगळं आणि त्याचा लळा लागणं वेगळं. भूक, दुखणं, भीती, थकवा असं काही झालं की बाळ ज्याच्याकडे झेपावतं आणि शांत झाल्यावर ज्याच्या भरवशावर पुन्हा खेळायला सरकतं, त्याचा लळा. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी ही मांडणी विसाव्या शतकाच्या मध्यावर केली. त्याआधी अनेक जाणकारही असंच धरून चालायचे की आई दूध पाजते म्हणून बाळाला ती हवी असते. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांना आईपासून तोडून दोन खोट्या ‘आया’ दिल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. त्याबद्दल त्यांनी १९५८ मध्ये लिहिलं. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली तरी पिल्लं पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून बसत. प्रयोग क्रूर होता, वाचताना आजही पोटात कालवतं. पण जवळ घेण्याची गरज भुकेपेक्षा वेगळी असते, हे त्यातून स्पष्ट झालं. पुढे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये शाफर आणि इमर्सन या संशोधकांनी ६० बाळांचा अभ्यास करून १९६४ मध्ये तो मांडला. त्यातही अनेक बाळांना सगळ्यात जास्त लळा पाजणाऱ्या-न्हाऊ घालणाऱ्या माणसाचा नव्हे, तर त्यांच्या रडण्या-हसण्याला उत्तर देणाऱ्या माणसाचा होता. जिला अंगावर पाजणं जमलं नाही आणि त्यावरून जी टोमणे खाते आहे, तिनं हे लक्षात ठेवावं.

वयाचा हिशेब ढोबळ असतो. पहिले सहा आठवडे बाळ कुणाच्याही कुशीत शांत होतं, तरी आईचा आवाज आणि वास त्याला ओळखू येतो. दीड-दोन महिन्यांत ते माणसाकडे बघून हसायला लागतं. सहा-सात महिन्यांपर्यंत ओळखीच्या माणसांपाशी जास्त खुलतं, पण परक्याकडेही जातं. सात ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ठरलेली माणसं हवी होतात आणि बाकीच्यांना ते बुजतं. एखादं बाळ महिनाभर पुढे, एखादं मागे. शेजारच्या बाळाशी ताडून बघू नका.

पहिले सहा आठवडे

पहिलं बाळंतपण आपल्याकडे बहुधा माहेरी होतं. घर माणसांनी भरलेलं असतं, मालिशवाल्या मावशी येतात, डिंकाचे लाडू होतात, आणि या सगळ्यात बाळ या हातातून त्या हातात फिरत राहतं. हातोहात फिरण्यानं बाळाचं बिघडत नाही. आईच्या वाट्याला मात्र फक्त पाजणं येतं, हे मला खटकतं. न्हाऊ घालताना मावशींचे हात जोरकस चालतात, बाळ किंचाळतं आणि आई आत पलंगावर कान झाकून बसते. असं करू नका. बाळाच्या डोक्याच्या बाजूला पाट घेऊन बसा, बोलत राहा. न्हाणं झालं की टॉवेलात गुंडाळलेलं बाळ सगळ्यात आधी तुमच्या छातीशी येऊ द्या.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं. मांडीवर घेऊन पाजताना तुमचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. पाजताना बाळ मधेच थांबून वर बघतं. तेव्हा आपणही त्याच्याकडे बघावं, या वयात तेवढं पुरतं.

कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर घरचे लोक “आता आईची ओळख राहील का” म्हणून घाबरतात. राहते. पहिला तास किंवा पहिला आठवडा हुकला म्हणून लळा लागायचा राहत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असं धरून बसा. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा ती सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटनाही अशा बाळांसाठी दिवसातले ८ ते २४ तास असं धरायला सांगते. आई थकली तर बाबांनी, आजीनं धरावं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा चाळिशीच्या वर असतो. घरी असं धरताना खोली हवेशीर ठेवा आणि बाळ घामाघूम होत नाही ना, हे मानेला हात लावून बघत राहा.

रडणं

मेरी एन्सवर्थ या बोल्बींच्या सहकारी. १९५४-५५ मध्ये त्या युगांडातल्या खेड्यांत आया आणि बाळं यांच्यात जाऊन बसायच्या. आपल्या बाळाबद्दल बारीकसारीक सांगू शकणाऱ्या आयांची बाळं जास्त निर्धास्त असतात, हे त्यांना तिथे दिसलं. नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये त्यांनी २६ कुटुंबांत वर्षभर घरी जाऊन निरीक्षणं केली. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लवकर उत्तर मिळालं ती बाळं वर्षाच्या शेवटाला कमी रडत होती, असं सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये मांडलं. पुढच्या संशोधकांनी यावर प्रश्नही उभे केले. त्यांचं म्हणणं असं की बारीकशी किरकिर आणि खरं रडणं यांत फरक करावा. मलाही ते पटतं. झोपेत कुरकुरणाऱ्या बाळाला दर वेळी उचलायची गरज नसते, दोन श्वास थांबा, कधी कधी ते स्वतःच पुन्हा झोपतं. पण ओठ थरथरून सूर चढला की जा.

क्रम असा ठेवा. आधी आवाज द्या, “आले, आले.” मग जवळ जा आणि छातीवर तळहात ठेवा. मग उचला. त्यानंतर कारण शोधा: भूक, ओलं दुपटं, उकाडा, पोटात वारा. कारण सापडलं नाही तरी बाळ हातातून खाली ठेवायची घाई करू नका. काही रडणं थांबवता येत नाही, सोबत करता येते.

हाक आणि उत्तर: दोन ते सहा महिने

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका बाईच्या घरात पाहिलेलं सांगते. बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात कापलेली पानं. पलीकडे जुन्या साडीची झोळी, तिची दोरी बाईच्या पायाच्या अंगठ्याला. हात थांबला तर हजार विड्या संध्याकाळपर्यंत होत नाहीत. झोळीतून ‘ऊं’ आलं की ती बोटं न थांबवता मान वळवायची, तसंच ‘ऊं’ करायची आणि वाट बघायची. बाळ पाय झाडून पुन्हा ‘ऊं’ करायचं. मग ती तेलुगूत काहीतरी बोलायची. बराच वेळ हे चाललं. शेवटी बाळ खरं रडलं तेव्हा सूप बाजूला झालं, हात साबणानं धुतले गेले, तंबाखूची धूळ बसलेला पदर बदलला गेला आणि मग बाळ कुशीत आलं. सगळा दिवस बाळाला देता येत नसलेल्या आईनं हे कसं करावं, ते याहून चांगलं मला शिकवता येणार नाही. त्यात वाट बघण्याला मोल आहे. आपण बोलतो आणि बोलतच राहतो. बोलून थांबा, बाळाला त्याची पाळी द्या. (तंबाखूचे हात बाळाला लावू नयेत आणि काम बाळापासून जमेल तितकं लांब, उघड्या जागी करावं, हेही इथेच सांगते. झोळी दिवसा डोळ्यांसमोर ठीक, रात्री मात्र बाळ सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर झोपवा.)

आता फोनबद्दल. १९७० च्या दशकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना बाळासमोर दोन-तीन मिनिटं निर्विकार चेहऱ्यानं बसायला सांगितलं. बाळं आधी हसून बघत, हात पुढे करत, आवाज काढत. उत्तर येईना तसं तोंड फिरवत, काही रडायला लागत. आई पुन्हा हसली-बोलली की हळूहळू सावरत. पाजताना रील बघणाऱ्या आईचा चेहरा बाळाला खालून कसा दिसत असेल, याचा विचार करा. फोन अजिबात नको असं मी म्हणत नाही. रात्री तीनला पाजताना डोळे मिटू नयेत म्हणून तो लागतो, कळतं मला. पण बाळ जागं आहे आणि तुमच्याकडे बघतंय, तेवढा वेळ तो पालथा ठेवा.

बाबा, आजी आणि घरातल्या भाषा

बाळाला लळा एकाच माणसाचा लागतो असं नाही. वर्षाच्या आतबाहेर बहुतेक बाळांची दोन-तीन हक्काची माणसं असतात, आणि दुखलं-खुपलं की त्यातलं एक पहिलं हवं असतं. म्हणून “बाळ आजीकडेच जास्त जातं” याचं दुःख करू नका, ते तुमच्यातून काढून आजीला दिलेलं नसतं.

बाबांची अडचण वेगळी. बाळ माहेरी, बाबा रविवारी पाहुण्यासारखे येतात, बाळाला बघतात, जेवतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. त्यांनी एक काम आपलं म्हणून धरावं: दुपटं बदलणं, ढेकर काढणं, संध्याकाळी खांद्यावर घेऊन अंगणात फिरणं. नुसतं खेळवून लळा लागतो, पण रडणं शांत करून तो पक्का होतो. त्यामुळे बाळ रडलं की लगेच आईच्या हातात देण्याची सवय मोडा. आयांनो, तुम्हीही लगेच हिसकावून घेऊ नका. त्यांची पद्धत वेगळी असेल, असू द्या.

सासरी परतताना बाळाचं घर, आवाज, वास सगळं एका दिवसात बदलतं. तीन-चार महिन्यांचं बाळ लवकर रुळतं. सात-आठ महिन्यांचं असेल तर माहेरच्या आजीची उणीव त्याला खरोखर जाणवते, रात्री उठून रडतं. तीच झोळी, तेच न धुतलेलं दुपटं, तीच अंगाई सोबत न्या. आजी दोन दिवस सोबत येऊन राहिली तर फार बरं.

सोलापूरच्या घरांत भाषा मिसळलेल्या असतात. आई मराठीत बोलते, आजी कन्नडमध्ये जोगुळ म्हणजे अंगाई गाते, शेजारची अम्मा तेलुगूत लाड करते, कुठे दखनी. बाळाचा गोंधळ होईल म्हणून आजीला तोडकं मराठी बोलायला लावू नका. ज्या भाषेत तिला माया करता येते, त्याच भाषेत तिला बोलू द्या.

सात महिन्यांनंतर: बाळ बुजतं तेव्हा

कालपर्यंत सगळ्यांकडे जाणारं बाळ अचानक मामाला बघून भोकाड पसरतं. लोक म्हणतात, “माणसात मिसळू दिलं नाही.” तसं नाही. त्याला आता आपलं कोण आणि परकं कोण हे कळायला लागलंय, आणि नजरेआड गेलेली वस्तू कुठेतरी असते हेही याच सुमारास उमजायला लागतं. त्यामुळे आई न्हाणीघरात गेली तरी ते दारापाशी रांगत येतं. हे वाढीचं लक्षण आहे. एक ते दीड वर्षाच्या आसपास ते ऐन भरात असतं आणि मग हळूहळू ओसरतं.

पहिल्या संक्रांतीचं बोरन्हाण कधी कधी नेमकं या वयात येतं. दहा महिन्यांचं बाळ, अंगावर हलव्याचे टोचणारे दागिने, भोवती आरडाओरडा करणारी पोरं, आणि डोक्यावर बोरं-चुरमुऱ्यांचा वर्षाव. त्याला पाटावर एकटं बसवू नका. आईच्या मांडीवर, पाठ आईच्या पोटाला टेकलेली, असं बसवा, मग बहुतेक बाळं रडण्याऐवजी टकामका बघतात. फोटोसाठी रडवू नका. बोर किंवा हलव्याचा दाणा तोंडात जाणार नाही याकडे एकानं डोळ्यात तेल घालून बघावं. त्याच दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. होम मैदानाच्या गर्दीत बाळ कडेवर, तोंड तुमच्याकडे, आणि ओळखीच्या मंडळींना आधीच सांगा: लगेच हात पुढे करू नका, थोडं लांबून बोला, बाळ हसलं की मग घ्या.

घरात बुवा-कुक भरपूर खेळा. पदराआड जाऊन पुन्हा दिसणं, यातून गेलेलं माणूस परत येतं हे बाळाला खेळता खेळता पटतं.

कामावर परत जाताना

कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे सगळी रजा बाळ झाल्यावर घेतलीत तर बाळ सहा महिन्यांचं असताना हजर व्हावं लागतं, आणि बुजणं सुरू व्हायची वेळही तीच. त्यामुळे रजेचा शेवटचा दिवस ही बाळ सोपवायची तारीख धरू नका. महिनाभर आधी सुरुवात करा. तुमच्या कामाच्या ठिकाणी ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्यानं पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. विचारा, आपण होऊन कोणी सांगत नाही.

पाळणाघर बघायला गेलात तर भिंतीवरची चित्रं बघू नका. एखादं बाळ रडेपर्यंत बसून राहा आणि कोण उठतं, किती वेळानं, उचलून काय बोलतं ते बघा. एका बाईकडे किती तान्ही बाळं आहेत आणि रोज तीच बाई तुमच्या बाळाला बघणार का, हे विचारा. दर महिन्याला बाया बदलणारी जागा कितीही चकचकीत असली तरी मी माझं बाळ तिथे ठेवणार नाही.

मग टप्पे. पहिले काही दिवस सांभाळणाऱ्या मावशींनी तुमच्या घरी यावं किंवा तुम्ही बाळाला घेऊन तिथे बसावं. मावशींनी बाळ मागू नये, बाळाला तुमच्या मांडीवरून त्यांना निरखू द्यावं. पुढचे काही दिवस भरवणं, दुपटं बदलणं त्यांनी करावं, तुम्ही त्याच खोलीत. त्यानंतर तुम्ही पाव तास बाहेर, मग अर्धा तास, मग बाजार करून येण्याइतका वेळ. बाळ फार बिथरलं तर एक पायरी मागे या, पण सोडून देऊ नका. तुमची वापरलेली ओढणी तिथे ठेवा.

आणि नजर चुकवून पळू नका. आजी बाळाला गॅलरीत नेते, “ते बघ काऊ,” आणि आई मागच्या दारानं सटकते, हे घरोघरी चालतं. त्या क्षणी रडणं वाचतं खरं. पण मागे वळून आई नाही असं दोन-चारदा झालं की बाळ काऊ बघायलाच तयार होत नाही, पदर मुठीत धरून बसतं. त्यापेक्षा बाळ मावशींच्या हातात द्या, डोळ्यांत बघून एकच ठरलेलं वाक्य म्हणा, “आई कामाला जाते, चहाच्या वेळी येते,” आणि निघा. दारात रेंगाळू नका, तीनदा परत येऊ नका. रडेल. रडू द्या, त्याला जवळ घेणारं माणूस आहे. बहुतेक बाळं थोड्या वेळात खेळायला लागतात.

संध्याकाळी उलटं होतं. दिवसभर शांत असलेलं बाळ तुम्हाला बघताच हुंदके देतं. सासूबाई म्हणतात, “माझ्याकडे तर गुण्यागोविंदानं होतं, तुला बघूनच याचं सुरू.” मनाला लागतं हे. पण दिवसभराचा ताण हक्काच्या माणसापाशीच बाहेर पडतो. घरात शिरल्यावर हातपाय धुवून आधी दहा-पंधरा मिनिटं बाळाला घेऊन बसा, कुकर नंतर.

उलट, आईच्या जाण्यायेण्यानं ज्याला काहीच वाटत नाही ते बाळ शहाणं, असं लगेच मानू नका. काहींचा स्वभावच शांत असतो. पण वर्ष-दीड वर्षाची जी बाळं परतलेल्या आईकडे वळूनही बघत नाहीत, त्यांच्याही हृदयाचे ठोके त्या वेळी वाढलेले असतात, असं अभ्यासात आढळलंय. अशा बाळाशी जास्त वेळ बसा. मात्र घरी मुद्दाम सोडून जाऊन परीक्षा घेऊ नका, त्यातून काही कळत नाही आणि बाळाला त्रास होतो.

तुमचा तोल गेला तर

रात्रभर जागरण, सकाळी पाणी भरायचं, त्यात बाळ थांबत नाही. ओरडाल तुम्ही कधीतरी. ट्रॉनिक यांनी आई-बाळांचे खेळ बारकाईनं तपासले, तेव्हा चांगल्या जुळलेल्या जोड्यांतही बराचसा वेळ सूर चुकलेलाच असतो आणि तो पुन्हा जुळवला जातो, असं त्यांना दिसलं. तेव्हा ओरडलात तर शांत झाल्यावर परत जवळ घ्या, मऊ आवाजात बोला. फक्त एक गोष्ट कधीच करू नका: बाळाला गदागदा हलवू नका. त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हात शिवशिवले की बाळाला अंथरुणावर पाठीवर ठेवा, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारा, कोणालातरी हाक मारा.

केव्हा विचारायचं

तीन महिन्यांचं होऊनही बाळ चेहऱ्याकडे बघत नाही, हसत नाही, आवाजानं दचकत नाही. नऊ महिन्यांनंतरही हाकेला वळत नाही, आवाजाला आवाज देत नाही. आधी येत असलेलं काही करायचं सोडून दिलंय. यातलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सिव्हिलमध्येही बालरोग विभाग आहे. यात आईची माया कमी पडली असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आधी कान आणि डोळे तपासायचे असतात.

आणि आईकडेही बघा. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवडे उलटूनही मन उदास, बाळाजवळ जावंसं न वाटणं, झोप न लागणं, जीव द्यावासा वाटणं असं असेल तर ते आजारपण आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून दिवस घालवू नका. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या बाळाचं वजन करत असताना तुमच्याबद्दलही त्यांना सांगा. सांगायला घरात कोणी नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरावर रात्रीबेरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. जीव द्यावासा वाटत असेल किंवा बाळाला काही करून बसू अशी भीती वाटत असेल, तर एकटं राहू नका. कोणाला तरी सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेवढा वेळ बाळ आजीकडे, बाबांकडे, शेजारच्या अम्माकडे, ज्याच्या कुशीत ते शांत होतं त्याच्याकडे राहू द्या.